धर्मराजची चार मिनिटं

माझ्याशी कधीच खोटं न बोललेला पेशंट मला चौदा वर्षांत एकच भेटला. बाकीचे सगळे बोलतात. त्यांना मी दोष देत नाही, पण रागावते जरूर.

पनवेलच्या एका इस्पितळात मी लोकांच्या विड्या-सिगारेटी सोडवते. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, वॉर्डात मात्र सगळे ‘बिडीवाल्या मॅडम’ म्हणतात. छातीत कळ आली, दम लागला, पायाचं बोट काळं पडलं म्हणून माणूस ॲडमिट होतो. आठ-दहा दिवस खाटेवर पडून असतो, तेव्हा विडी नाइलाजानं सुटलेलीच असते. डॉक्टर राउंडला येतात, ‘आता विडी बंद बरं का’ एवढं बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्या ‘बरं का’च्या पुढचं सगळं माझ्या गळ्यात. माणूस घरी गेल्यावर तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी मी फोन करायचा, नंतर महिन्यातून एकदा, असे सहा महिने.

फोनवर लोक काय काय ऐकवतात! “सोडली मॅडम, हातसुद्धा लावत नाही,” असं सांगताना मधेच झुरका घेतलेला मला स्वच्छ ऐकू येतो. कुणाची बायको मागून ओरडून खरा आकडा सांगते आणि मग दोघांचं भांडण ऐकत मी दहा मिनिटं बसते. खारघरचे एक रिटायर्ड गृहस्थ दर महिन्याला ‘पूर्ण बंद’ असं कळवायचे. ते एकदा आमच्याच गेटबाहेरच्या टपरीवर समोरासमोर सापडले. सिगारेटचा हात पाठीमागे लपवून त्यांनी मला एका हातानं नमस्कार केला.

खरं तर खोटेपणावर बोलायचा मला अधिकार नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘हेच काम का निवडलंत’ असं विचारलं, तेव्हा माझे वडील सिगारेटीपायी गेले असं मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. माझे वडील सत्याऐंशी वर्षांचे आहेत, करंजाड्याला माझ्याच घरी असतात आणि सुपारीच्या खांडापलीकडे त्यांना कसलं व्यसन नाही. मला नोकरी हवी होती, एवढंच.

धर्मराज कोळी आला तो जानेवारीत. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, खिडकीजवळची खाट. वय चव्वेचाळीस, पण अंगावर मांस असं नाहीच. पनवेलच्या कोळीवाड्यातला माणूस. लहान होडी घेऊन खाडीतच मासे मारायचा आणि ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या काढायचा. दोन्ही हातांच्या बोटांवर खेकड्यांच्या नांग्यांचे जुने पांढरे व्रण होते. उजव्या पायाची करंगळी काळी ठिक्कर पडली होती. ती दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

त्याला झालेला रोग विड्या ओढणाऱ्या पुरुषांना होतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत जाऊ शकतं. गोळ्या-इंजेक्शनं आहेत, पण खरा उपाय एकच, विडी पूर्ण बंद. कमी करून चालत नाही. दिवसाची एक राहिली तरी रोग आत काम करतच राहतो. सर्जन त्याला म्हणाले होते की विडी आणि पाय यांतलं एकच काहीतरी ठेवता येईल, काय ते तुम्ही ठरवा.

मी माझा फॉर्म घेऊन खाटेशी बसले. दिवसाला किती? एक बंडल. आधीपासून? नाही, आधी आठ-दहा, दोन पावसाळ्यांपासून बंडल. घरी कोण? मुलगी, नाव पूर्वी, बारावीला. बायको? बायको गुणाबाई दोन पावसाळ्यांपूर्वी लेप्टोनं गेली. चिखलात उतरणाऱ्या माणसांना तो ताप गाठतो. आठ दिवसांत कारभार आटोपला. मी ‘विधुर’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे गेले. पुढचा रकाना होता, कोणत्या वेळी तलफ जास्त येते? तो म्हणाला, सकाळी उठल्यावर. फॉर्मवर तो पर्याय छापलेलाच असतो, मी त्यावर खूण केली. आज तो कागद समोर आला की मला माझाच संताप येतो. दोन रकाने एकाखाली एक आहेत, मधे बोटभर अंतर नाही आणि मला काही दिसलं नाही.

त्याची अडचण मला वाटली त्याहून वेगळीच निघाली. मला म्हणाला, बिडी नाय त जाळं कवा काढायचं? मला आधी कळेचना. मग समजलं की या माणसाचं सगळं घड्याळ विडीवर चालत होतं. पुलापासून खाडीच्या वळणापर्यंत दोन विड्या. सापळा टाकला की तीन विड्या थांबायचं, मग उचलायचा. मी म्हटलं, मोबाइल आहे ना तुमच्याकडे, त्यात वेळ दिसते. तो माझ्याकडे अशा दयेनं बघत राहिला की मीच विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी फोन केला. इतरांसारखं लांबण लावणं नाही, देवाची शपथ नाही.

“लिवा मॅडम,” तो म्हणाला, “एक.”

दिवसभराची एकच. बंडलवरून एकावर माणूस तीन दिवसांत येतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्याची पाठ थोपटली आणि ती एकही सोडायला सांगितली. सातव्या दिवशी पुन्हा एक. पंधराव्या दिवशीही एक. कोणती, म्हणून विचारलं, तर सकाळची. जेवणानंतरची सुटली होती, होडीतली सुटली होती, संध्याकाळी नाक्यावर मित्रांच्या कोंडाळ्यातली, जी भल्याभल्यांना सुटत नाही, तीही सुटली होती. फक्त सकाळची पहिली राहिली. मी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. रात्रभर शरीराला तंबाखू मिळत नाही, म्हणून सकाळची ओढ सगळ्यांत मोठी असते वगैरे. तो हो हो म्हणाला. पूर्वीनं दोनदा बंडलं गटारात टाकली, तेही त्यानंच मला सांगितलं. आणि मार्चमध्ये करंगळीच्या शेजारचं बोट काळं पडून तो परत त्याच वॉर्डात आला.

या वेळी सर्जननी आवाज चढवला. पुढचं बोट गेलं तर अर्धं पाऊल काढावं लागेल, हे त्याला सरळ ऐकवलं. अर्ध्या पावलानं रस्त्यावर चालता येतं, चिखलात उभं राहता येत नाही. खाडीचा चिखल तळव्यानं आणि बोटांनी धरावा लागतो, नाहीतर माणूस मांडीपर्यंत आत जातो. पाऊल गेलं म्हणजे खाडी गेली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पूर्वी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

मी संध्याकाळी त्याच्या खाटेवर जाऊन बसले. फॉर्म नेला नाही. त्याला म्हटलं, तलफ आली की ती आता कायमची बसणार असं वाटतं, पण तसं नसतं. तीन-चार मिनिटं असते. तेवढी मिनिटं काढली की आपणहून जाते. त्या वेळात पाणी प्या, लवंग चघळा, दात घासा, अंगणात चकरा मारा. आमची ठरलेली यादी आहे, ती मी म्हणून दाखवली.

“काय नाय केलं, नुसतं बसलं त चालेल?”

चालेल की, मी म्हटलं. ओढू नका म्हणजे झालं.

आणि त्यानं सोडली. ते बोट गेलं त्या दिवसापासून एकही नाही. फोन केला की अहवाल तीन शब्दांचा असायचा. आली, बसलो, गेली. तो हे इतक्या शांतपणे सांगायचा की मला हेवा वाटायचा. मेच्या अखेरीस पूर्वीनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. ओल्या चिखलात उमटलेलं उजवं पाऊल, तीन बोटांचं. खाली काही लिहिलेलं नव्हतं. तो फोटो बघून मी टेबलावर डोकं टेकून रडले. आमच्या धंद्यात असे दिवस वर्षाला दोन-तीनच येतात.

मला धर्मराजचा इतका अभिमान वाटायला लागला की मी त्याला गावभर मिरवलं. दर शनिवारी इस्पितळात आमची बैठक असते, विडी सोडू पाहणारे दहा-बारा जण गोल करून बसतात. तिथं त्याला बोलवायची. तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही. लोक विचारायचे, तलफ आली की तू काय करतोस? तो म्हणायचा, काय नाय, पलायचं नाय, बसायचं. जुलैमध्ये खारघरला आमच्या लोकांचं प्रशिक्षण होतं. तिथं मी त्याचं उदाहरण पडद्यावर दाखवून सांगितलं. तलफेशी भांडू नये, तिला येऊ द्यावं, शेजारी बसू द्यावं. चाळीस लोकांनी लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

या काळात तो फोनवर काही काही बोलायचा, जे मी हसण्यावारी नेलं. एकदा म्हणाला, आज लवकर आली. एकदा म्हणाला, आज उशिरा आली, वाट बघत बसलो. चौदा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला इथं खटकायला हवं होतं. तलफेची वाट कोण बघतं? मी म्हटलं, वा.

सप्टेंबरमध्ये माझा शेवटचा फोन व्हायचा होता. त्यानंतर ‘सहा महिने पूर्ण, विडी बंद’ असं लिहून फाईल मिटवायची. त्याआधीच सोमवारी सकाळी त्याचाच फोन आला. आपणहून फोन केल्याची ही पहिलीच वेळ.

“मॅडम, चार दिवस झालं. तलफ आली नाय.”

मी जवळजवळ खुर्चीतून उठलेच. अहो धर्मराज, जिंकलात तुम्ही, असं म्हणाले. आता शरीर मोकळं झालं, आता ती येणारच नाही, पुढच्या शनिवारी मी पेढे आणते, बैठकीत सगळ्यांना तुमच्या हातानं वाटायचे, असं बरंच काही बोलले.

“परत कदी नाय येनार?”

नाही, मी आनंदानं सांगितलं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

बुधवारी दुपारी पूर्वीचा फोन. पप्पांनी बंडल आणलंय. फोडलेलं नाही, शर्टाच्या खिशात आहे. काल पहाटे उठून मागच्या पडवीत चुलीपाशी घेऊन बसले होते, आजही बसले होते. मी विचारलं तर काही बोलत नाहीत. मॅडम, उद्या ते ओढतील. तिचा आवाज अगदी सपाट होता. इतका धीर सतरा वर्षांच्या मुलीकडे नसावा असं मला वाटलं.

सहा महिन्यांनंतर पुन्हा सुरू केलेले मी शेकड्यांनी पाहिलेत. लग्नात हळदीला कुणी आग्रह करतो, नोकरी जाते, भांडण होतं. पण तलफ गेल्यावर बंडल आणणारा माणूस माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी दुसऱ्या दिवशी पावणेसहाला घरातून निघाले. वडिलांना वाटलं कुणीतरी गेलं. रिक्षावाल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं कोळीवाड्यापर्यंत एक शब्द काढला नाही.

घर खाडीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. स्वयंपाकाला गॅस, पण मागच्या पडवीत अंघोळीच्या पाण्याची चूल अजून होती. पूर्वीनं दार उघडलं आणि बोटानं मागे दाखवलं. धर्मराज चुलीसमोर पाटावर बसला होता. पाणी तापत होतं. बंडल त्याच्या मांडीवर होतं, कागद तसाच, दोरा तसाच. मला बघून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं शेजारचा पाट पुढे सरकवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत ओढून घेतला आणि आतून माझ्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. मी खुर्चीवर बसले. तो पाट तसाच रिकामा राहिला.

मी भाषण करणार होते. रिक्षात सगळं जुळवून ठेवलं होतं. पण त्या रिकाम्या पाटाकडे बघून मी एवढंच विचारलं की धर्मराज, झालंय काय?

मग त्यानं सांगितलं. चुलीकडे बघत, थांबत थांबत सांगितलं. लग्न झाल्यापासून गुणाबाई त्याच्याआधी उठायची. चूल पेटवायची, पाणी ठेवायची. मग निखाऱ्यावर विडी धरायची. नुसती धरून विडी पेटत नाही, ओढावी लागते. ती एक झुरका घ्यायची, तेवढ्यापुरताच. एरवी तिनं विडीला कधी तोंड लावलं नाही. पेटलेली विडी घेऊन ती या पाटावर यायची आणि त्याच्या हातात द्यायची. तो ओढायचा आणि ती शेजारी बसायची. विडी संपेपर्यंत. मग ती टोपली उचलायची आणि तो जाळं. ती उरण नाक्यावर मासे विकायला, तो खाडीत. दिवसभरात दोघं एका जागी, हातात काम न घेता बसायचे ते तेवढंच. एक विडी जळायला लागतो तेवढा वेळ.

ती गेल्यावर पहिले दिवस त्यानं स्वतःच पेटवली. तर विडी ओढताना ती शेजारी असल्यासारखी वाटायची. म्हणून दिवसाला बंडल झालं. पण दुपारच्या, संध्याकाळच्या विडीला ती यायची नाही, फक्त सकाळच्या. म्हणून बाकीच्या सोडताना त्याला काहीच जड गेलं नाही. बोट गेलं आणि मी चार मिनिटांचं सांगितलं, तेव्हा त्यानं सकाळी विडीशिवाय बसून बघितलं. तलफ आली आणि तलफेबरोबर गुणाबाईही आली. विडीची गरजच नव्हती. तोंडाला पाणी सुटायचं, छातीत ओढ लागायची, आणि ती ओढ असेपर्यंत ती पाटावर असायची. सहा महिने, रोज. गेल्या आठवड्यात तलफ थांबली, त्या दिवसापासून पाट रिकामा.

एका माणसाची बायको दुसऱ्यांदा गेली होती आणि मी त्याला पेढे आणते म्हणाले होते.

धर्मराजनं बंडल हातात घेतलं.

“एक ओढली त तलफ परत येल ना? तुमी आजवर खोटं बोलला नाय. सांगा.”

माझ्या जागी दुसरं कुणीही असतं तर नाही म्हणालं असतं. एक छोटंसं खोटं आणि पाय वाचला असता. जीभ तिथपर्यंत आलीही होती. पण हा माणूस दर वेळी ‘लिवा मॅडम, एक’ असं म्हणाला होता. पाय जाणार हे माहीत असतानाही म्हणाला होता.

“येईल,” मी म्हटलं. “तलफही येईल आणि रोगही येईल. पाऊल राहणार नाही.”

त्यानं मान हलवली. हे त्याला ठाऊकच होतं, त्याला फक्त पहिलं अर्धं हवं होतं. त्यानं दोऱ्याखाली अंगठ्याचं नख घातलं. दोरा तटकन तुटला. मी जागची हलले नाही. त्याचा हात धरण्याएवढं आमचं नातं नव्हतं.

पूर्वी चौकटीला टेकून उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती ते मला माहीत नाही. बहुतेक पहिल्यापासून.

“तुला तलफ तरी होती, पप्पा,” ती म्हणाली. “मना काय होतं?”

धर्मराजनं वळून बघितलं. ती रडत नव्हती. ती म्हणाली की तिला आता आयचा आवाज आठवत नाही. मोबाइलमध्ये आयचा एक व्हिडिओ आहे, लग्नातला, त्यात डीजे लागलेला आहे आणि आय नुसती तोंड हलवते. तू रोज सकाळी इथं तिच्याजवळ बसत होतास, सहा महिने, मी आत झोपलेली होते, मला एकदा पण उठवलं नाहीस. एवढं बोलून ती थांबली.

चुलीवर पाणी उकळत होतं. धर्मराजचं तोंड मी बघू शकले नाही, मी माझ्या चपलांकडे बघत होते. मग कागद चुरगळल्याचा आवाज आला. वर बघितलं तर त्यानं सगळं बंडल, सुट्या झालेल्या विड्यांसकट, चुलीत टाकलं होतं.

पंचवीस-तीस विड्या एकदम जळायला लागल्या. आधी टेंभुर्णीच्या पानाचा वास आला, कोरडा, थोडा गोडसर, मग तंबाखूचा. पडवी बघता बघता धुरानं भरली. असल्या धुरात त्याला बसू द्यायचं नसतं, मुलीलाही नाही. हे मी वॉर्डातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवलंय. दोघांना दंडाला धरून बाहेर काढायला हवं होतं. नाही काढलं. माझ्या नोकरीत मी केलेली ही सगळ्यांत मोठी चूक आहे आणि मला तिचा पस्तावा नाही.

पूर्वी धुरात पुढे आली. तिनं डोळे मिटले आणि नाकानं खोल श्वास घेतला.

“हाच,” ती म्हणाली. “मना शालेत पाठवताना कुशीत घ्यायची, तवा तिच्या तोंडाला हाच वास यायचा.”

ती रिकाम्या पाटावर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. धर्मराजनं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. त्याच्या गळ्याशी काहीतरी वरखाली होताना दिसलं, कपाळावर घाम आला. मी हे हजार वेळा पाहिलंय. मला विचारावं लागलं नाही.

“आली तलफ,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

पूर्वी त्याच्या आणखी जवळ सरकली. “मग सांग मना,” ती म्हणाली. “आय इथं बसून काय बोलायची?”

विड्यांचा जाळ खाली बसत चालला होता. धर्मराज तिच्याकडे वळला.

“तुजंच,” तो म्हणाला. “रोज तुजंच बोलायची.”